उसनं रक्त

कल्याणच्या एका भातगिरणीत माझी आई तांदूळ निवडायची. वडील त्याच गिरणीत पोती वाहायचे. छातीत कोंडा भरून खोकत खोकत ते गेले, तेव्हा मी मराठी चौथीत होते. माझा थोरला भाऊ, दादा, शाळा सोडून त्यांच्या जागी पोती उचलायला लागला. संध्याकाळी आईच्या ओच्यातून कण्या यायच्या. सकाळी त्यांची पेज, रात्री त्यांचाच भात, आणि आमटी म्हणून तिखटमिठाचं पाणी. आम्ही जुन्नरकडचे माळकरी, तेव्हा अंड्यामाशाचा प्रश्नच नव्हता. दूध पाहुणा आला तर चहापुरतं यायचं. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते समजायला माझ्या अंगात मुळात काय होतं ते ठाऊक असलेलं बरं.

त्या कण्यांवर मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कल्याणातच मुलींच्या शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून लागले. वर्षभर खंड न पडता काम केलं की कायम करणार होते. मी कायम झाले की आईनं गिरणी सोडायची असं घरात ठरलं होतं, कारण आई आता खोकायला लागली होती. तो खोकला आम्ही सगळे ओळखत होतो. वडिलांचाच होता तो.

*

त्या वर्षी वहिनीचं बाळंतपण अडलं. बैलगाडी, मग आगगाडी, मग ठाणे स्टेशनापासून टांगा करत तिला ठाण्याच्या एका धर्मादाय इस्पितळात नेलं. मुलगी झाली, पण वहिनीचं रक्त थांबेना. सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "पेशंटचं कोण आहे? रक्त लागेल."

बरोबर आलेले दोघे चुलतभाऊ "पान खाऊन येतो" म्हणून गेले ते सरळ घरी पोचले. दादानं बाही वर केली, सुई पाहिली आणि बाकावर आडवा झाला. त्याला वारा घालायलाच एक माणूस लागला. राहिले मी.

तपासून सिस्टर म्हणाली, "तुमचं रक्त कुणालाही चालतं. असं सगळ्यांचं नसतं." खरं सांगते, बी.ए.चा निकाल लागला तेव्हासारखं वाटलं मला. काचेची बाटली, लाल रबराची नळी, आणि सुई अशी बोथट की ती आत जाताना कातडीचा आवाज ऐकू येईल. वहिनी वाचली.

घरी आल्यावर आई कडाडली. "बाईमाणसाचं रक्त काढून दिलंस? दर महिन्याला जातं तेवढं पुरत नाही?"

"आई, वहिनी मेली असती."

"ते कळतं मला. म्हणून तर ओरडतेय. नाहीतर मारलं असतं."

*

आई ओरडली, गोष्ट तिथंच संपायला हवी होती. संपली नाही. काही दिवसांनी एक माणूस पत्ता विचारत आमच्या दारात आला. हिराजी त्याचं नाव. ठाण्याच्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरावर काम करणारा. त्याची बायको त्याच इस्पितळात पडली होती. त्याला स्वतःला नुकताच हिवताप येऊन गेला होता, म्हणून त्याचं रक्त घेत नव्हते.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहून आईला म्हणाला, "आये, सिस्टर बोलली, कल्यानची बाय हाय, तिचा रगत कोनाला पन चालतं. माजी बायको मरतेय गो. पाया परतंय तुजे."

दारात रडणाऱ्या माणसाला आईनं कधी विन्मुख पाठवलं नव्हतं. पण तिच्या मनात दुसरीच भीती होती. मुंबईला गरीब लोक रक्त विकतात हे गिरणीतल्या बायकांच्या तोंडून तिनं ऐकलं होतं. पोरीला शिकवली, आता तिचं रक्त विकून खातात, असं कुणी म्हटलं तर? शेवटी ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "जा. पण दान म्हणून दे. दानासारखं दे."

आमच्याकडे दानाची रीत ठरलेली. डोक्यावरून न्हायचं. दान हातावेगळं होईपर्यंत पोटात अन्नाचा कण घालायचा नाही. आणि ज्याला दिलं त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर ते दान राहत नाही, सौदा होतो. इस्पितळात रक्त दिल्यावर पेलाभर दूध मिळे. तेही घ्यायचं नाही, असं आईनं बजावलं. "दुधासाठी देते म्हणतील."

मी शिकलेली होते. मला हे वेडगळ वाटायला हवं होतं. पण उपाशी जाऊन, दुधाचा पेला बाजूला सारून मी इस्पितळाच्या पायऱ्या उतरले तेव्हा माझी मान ताठ होती. हिराजीनं शहाळं आणलं होतं. मी हात जोडून नको म्हटलं. तो बिचारा शहाळं हातात धरून तसाच उभा राहिला.

मग रीतच पडली. इस्पितळात साठा असा नसेच. अडलेल्या बाईच्या नातेवाइकांना कुणीतरी आमचा पत्ता सांगायचं. शहाडहून आले, आंबिवलीहून आले, एक तर डोंबिवलीच्या ओळखीच्या ओळखीतून आले. मी न्हायचे, उपाशी जायचे, देऊन यायचे. मागचं कधी दिलंत, असं तिथं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रुग्णाला माझ्या रक्तातून काही बाधू नये म्हणून हिवताप, गरमीसारखे गुप्तरोग, सगळ्याची चौकशी व्हायची. देणाऱ्याला काय होईल, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

*

पहिल्यांदा शाळेचा जिना लांबला. वर पोचून वर्गाच्या दाराला हात टेकून उभी राहायचे आणि मुलींना वाटायचं बाई रागावल्यात. कानात घूं घूं आवाज. नखं पांढरी. मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. पाटीवर लिहायच्या पेन्सिलीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. मुलींच्या तुटक्या पेन्सिली मी गोळा करायचे, पदराआड करायचे आणि करकरा चावून खायचे. बी.ए. झालेली बाई पेन्सिली खाते! कुणाला सांगणार?

आळीत मात्र वेगळंच शिजत होतं. बारीक झाले, धाप लागते, वडील खोकून गेले, आई खोकते. शेजारणीनं आमच्याकडे आलेली तिची वाटी परत घेताना ती चुलीतल्या राखेनं आमच्यासमोरच घासली. क्षय हा शब्द कुणीच बोलत नाही, नुसती भांडी वेगळी होतात.

एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता मी खाली पडले. मुख्याध्यापिकाबाईंनी पाणी मारून मला उठवलं. स्वभावानं त्या वाईट नव्हत्या. पण म्हणाल्या, "सुमनताई, डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय मुलींमध्ये येऊ नका. आणि खंड पडला तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल, हे मीच तुम्हाला सांगितलेलं बरं."

त्या दिवशी मला चक्कर आली ती पडताना नाही, हे ऐकताना.

*

त्याच इस्पितळात नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी छाती तपासली. मी श्वास धरून बसले होते. "छाती स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. मी सोडलेला श्वास त्यांना ऐकू गेला असणार. मग त्यांनी माझी पापणी खाली ओढली, बघितलं, आणि एकदम विचारलं, "पेन्सिली खाता का?"

माझा हात पदराकडे गेला.

"माती? खडू? लाजू नका. रक्त कमी झालं की शरीर काहीही मागतं."

"पेन्सिली," मी म्हटलं.

बोट टोचून काचेच्या नळीत थेंब घेतला. तो लाल नव्हताच, कोकमाच्या सरबतात पाणी जास्त झाल्यासारखा. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "पंडुरोग. आणि चांगलाच. इतकं रक्त गेलं कुठं? पाळी जास्त जाते?"

"जाते. पण... रक्त दिलंय मी."

"कुणी घेतलं?"

"तुम्हीच. म्हणजे या इस्पितळानं."

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं जमिनीकडे. "किती वेळा? किती अंतरानं?" मी आठवून सांगत गेले तशी त्यांची पेन्सिल कागदावर थांबली. शेवटी त्यांनी विचारलं, "देताना खाल्लं होतंत काही?"

"नाही. उपाशी. दान होतं ते."

बाईंनी कागद मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला घरी सोडत नाही. आज इथंच राहायचं."

आई बाहेर बाकावर बसली होती. क्षय नाही कळल्यावर तिनं माळेला हात लावला. पंडुरोग, आणि तो कशानं, हे कळल्यावर तिचा हात माळेवरून खाली आला. "म्हणजे मी केलं," एवढंच म्हणाली. मी "नाही गं" म्हटलं.

*

वॉर्डातले दिवस एकसारखे. पहाटे फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग अ‍ॅल्युमिनियमच्या मगात पेज. पेज बघून मला हसू आलं, तीच ती. लोहाचं मिश्रण गंजक्या खिळ्यासारखं लागायचं आणि दात काळे करायचं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं पपईच्या देठाची नळी करून दिली, तिनं प्यायचे. जंताचं कडू औषध झालं. आणि एक इंजेक्शन रोज, कमरेत.

आईनं सिस्टरला विचारलं, "हे कशाचं?" सिस्टर "ताकद येते, मावशी" म्हणून पुढं सटकली. मला फसवाफसवी आवडत नाही. मी सांगितलं, "जनावराच्या काळजापासून करतात, आई."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं आता उठून जाईल. डोळे उघडून म्हणाली, "तू घे. देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

सिस्टर तशी प्रेमळ होती. एकदा तिनं मला रक्तखोलीतली न वापरता राहिलेली रक्ताची बाटली दाखवली. बाटली स्थिर राहिली की रक्त दोन थरांत बसतं. वर स्वच्छ पिवळसर पाणी, खाली दाट लाल साका. "हे पिवळं पाणी अंगात पटकन भरून येतं," ती म्हणाली. "म्हणून दुसऱ्या दिवशी माणसाला वाटतं, झालं, भरलं. पण हा लाल साका भरायला महिने जातात. तुम्ही पिवळं भरलं की पुन्हा येत होतात." बाटली जागेवर ठेवत म्हणाली, "आणि आम्ही घेत होतो."

घरची हालत वाईट होती. दादा भेटायला आला की आईशी भांडायचा. "दान, दान! तुझ्या दानापायी पोरगी गेली असती." आई माझं पांघरूण सारखं करत बसायची. वहिनी खाटेच्या पायाशी मुलीला मांडीवर घेऊन बसायची. ती वर बघायचीच नाही. ज्या रक्ताबद्दल भांडण चाललंय त्यातलंच आपल्या अंगात फिरतंय, हे तिला कळत नव्हतं थोडंच? आणि आई गिरणीचं काम संपवून ठाण्याला यायची ती अंगावर कोंडा घेऊनच. माझ्या उशाशी बसून खोकायची. तो खोकला ऐकत मी हिशेब करायचे, शाळेत परत कधी उभी राहीन.

*

मग माझी पाळी आली आणि थांबेना. दोन दिवसांत मी पुन्हा तळाला गेले. खाट फिरायला लागली. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "बाहेरून रक्त द्यावं लागेल. मी लपवत नाही. बाटलीतून ताप येऊ शकतो, पुढं कावीळ उमटू शकते. म्हणून इतके दिवस टाळलं. आता टाळता येत नाही."

माझं रक्त कुणालाही चालायचं, पण मला फक्त त्याच गटाचं चालणार होतं. दादानं या वेळी सुई बघितली आणि उभा राहिला. पण त्याचं जुळलं नाही. तो व्हरांड्यात जाऊन रडला असं नंतर कळलं.

वहिनी उठली. मुलीला कडेवर मारून, कुणाला न सांगता, खाडीकाठच्या त्या गावात गेली. दुपारी हिराजीला घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवून सगळं विचारलं. ताप शेवटचा कधी आला, याआधी रक्त दिलं का, दारू पितो का. बोट टोचून काचेवर थेंब घेतला आणि हिवतापाचे जंतू नाहीत ना ते स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. वजन केलं. "वजन बरं भरलंय तुमचं," म्हणाल्या. जुळलंही.

आणि इथं आई आडवी आली.

"नको," ती म्हणाली. "आपण दिलेलं दान आपणच परत घ्यायचं? त्याचं पाप लागतं."

दादा ओरडला. मी खाटेवरून ऐकत होते. मला बोलायचं होतं, पण ओठ हलत नव्हते, आणि खरं सांगू, माझ्याही आत काहीतरी नको म्हणत होतं. आम्ही देणारी माणसं. घेणारी नव्हे.

हिराजीला कळेना काय चाललंय. कळल्यावर तो हसला. "आये, दान नको तं उसना घे."

"काय?"

"उसना गो. घरान पीठ सपला तं शेजारनीकरशी वाटीभर आनतेस नं? तुजे पोरीचा रगत माजे बायकोचे आंगान हाय. ती वाटी मी परत आनलीय. वाटी दारातशी परत पाठवतान काय?"

उसनं आई आयुष्यभर देत-घेत आली होती. पीठ, मीठ, रॉकेल, विस्तव. उसन्यात पाप नाही, उसन्यात मान खाली जात नाही. शेजारणीनं राख लावून घासलेली ती वाटी मला आठवली. तिलाही आठवली असावी.

"जेवून आलास का रे?" तिनं विचारलं.

"आलो. बोंबील-भात खाल्लाय दाबून."

आईनं क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "बरं केलंस."

*

रक्त चढत असताना मला अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. चार घोंगड्या टाकल्या. डॉक्टरीणबाई बाटली थांबवून, नाडी धरून बसल्या, मग थेंबथेंब पुन्हा सुरू केली. ताप उतरला. हिराजीला सिस्टरनं दूध दिलं. तो ते गटागटा प्याला आणि अजून आहे का म्हणून विचारलं.

घरी आल्यावर बरेच महिने आई मला सकाळी दारातल्या उजेडात उभी करून डोळे बघायची, पिवळे होतात का. रोज ते अर्धं मिनिट मला जन्माएवढं वाटायचं. कावीळ उमटली नाही. आई डोळे बघून झाले की म्हणायची, "हिराजीचे मासे दिसत नाहीत अजून. पोहत असतील आत कुठंतरी." आजारपणानंतर ती पहिल्यांदा हसली ती या विनोदावर. हिराजीच्या घरी तिनं नाचणीच्या लाडवांचा डबा पाठवला. उसनं परत करताना वाटी रिकामी पाठवत नाहीत.

शाळेत माझं वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं गेलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या तसंच. तेवढं आणखी एक वर्ष आई गिरणीत खोकली. ते मी विसरत नाही.

हे लिहिण्याचं कारण एकच. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर रक्त देऊ नका, असं मी म्हणणार नाही. वहिनी आणि हिराजीची बायको, दोघी चालत्याबोलत्या आहेत. पण आधी जेवा. आपली पापणी खाली ओढून आरशात बघा. पाळी जास्त जात असेल तर डॉक्टरांना सांगा, लाजेनं रक्त वाढत नाही. मागचं कधी दिलं ते स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका. आणि दुधाचा पेला पुढं आला तर प्या. माझी आई गिरणीतल्या बायकांना सांगते ते सर्वांत सोपं: "उसनं द्यावं, पण आधी आपल्या डब्यात हात घालून बघावा. रिकाम्या डब्यातून कुणाचं पोट भरत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा रक्त द्यायला मनाई केली आहे, आणि मी ती पाळते. त्या इस्पितळात आता बोट टोचून बघितल्याशिवाय आणि खायला घातल्याशिवाय कुणाचं रक्त घेत नाहीत.

गेल्या जूनमध्ये मी शाळेत कायम झाले. त्याच आठवड्यात आईनं गिरणी सोडली.